बंधारा किनारा वाचवत नाही

देवबाग आणि तळाशील ही मालवण तालुक्यातली दोन गावं सारख्याच जागी वसली आहेत. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. देवबागच्या पाठीमागून कर्ली येते, तळाशील-तोंडवळीच्या पाठीमागून गड नदीची कालावल खाडी. दोन्हीकडची मागणी कित्येक वर्षं एकच आहे : धूपप्रतिबंधक बंधारा द्या. पुढारी कुठल्याही पक्षाचा येवो, त्याच्या हातात निवेदन तेच पडतं. कधीतरी निधी मंजूर होतो, डंपर येतात, काळे दगड रचले जातात, नारळ फुटतो. काही पावसाळे सरले की दगड खचलेले असतात आणि नव्या निवेदनाची तयारी सुरू होते.

या मागणीचा प्रतिवाद करताना एक गोष्ट आधीच मान्य केली पाहिजे. ज्याच्या पडवीपासून लाट पंचवीस पावलांवर आली आहे, त्याला बंधारा नको म्हणून सांगणं निर्दयपणाचं आहे. 2009 च्या नोव्हेंबरात फयान आलं, 2019 च्या ऑक्टोबरात क्यार, 2021 च्या मे महिन्यात तौक्ते. यातलं एकही वादळ ऐन पावसाळ्यातलं नव्हतं. मच्छीमार सावध असतो त्या महिन्यांच्या बाहेरच दर्या चवताळला. ज्यांनी त्या रात्री उधाणाचं पाणी उंबऱ्यात पाहिलं त्यांची भीती खरी आहे. घर वाचवायला जिथे दगडच हवेत, तिथे ते जरूर घाला. माझं भांडण दगडाशी नाही. बंधारा झाला की धूप थांबली, या समजुतीशी आहे, आणि त्या समजुतीच्या आडोशाने जे चाललं आहे त्याच्याशी आहे.

आधी भिंत काय करते ते बघू. मोकळ्या पुळणीवर लाट चढते, पसरते, तिचं बरंचसं पाणी वाळूत मुरतं आणि उरलेलं थकून मागे जातं. दगडांच्या चढावर तसं होत नाही. लाट आपटते, तिचा जोर उलटा फिरतो आणि पायथ्याची वाळू खरवडून नेतो. पायथ्याशी खोली वाढली की पुढची लाट वाटेत फुटत नाही. ती अख्खीच्या अख्खी भिंतीपर्यंत येते. मग खालचा दगड घसरतो, वरचा त्याच्या जागी बसतो, बंधाऱ्याची उंची कमी होते आणि पाणी माथ्यावरून उडून माडांच्या बुंध्याशी साचतं. ते खारं पाणी परत जायला वाट राहत नाही, कारण वाट आपणच बुजवलेली असते. जिथे भिंत संपते तिथली वाडी तर दुहेरी मार खाते. भिंतीआड अडकलेली वाळू तिला मिळत नाही आणि भिंतीच्या टोकाला वळसा घालून आलेला पाण्याचा जोर तिच्याच जमिनीत घुसतो. म्हणून एका वाडीत बंधारा झाला की शेजारच्या वाडीचं निवेदन लगेच तयार होतं. ते लोक लोभी आहेत म्हणून नव्हे. त्यांची धूप खरोखरच वाढलेली असते.

समुद्र दरवर्षी वाळू नेतो आणि परतही आणतो, हे किनाऱ्यावर वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. आषाढ-श्रावणात पुळण खाली बसते, वाळू थोडी आत जाऊन पाण्याखाली पट्टा धरते. पाऊस ओसरला, लाटा लांब आणि संथ झाल्या की तीच वाळू हळूहळू किनाऱ्यावर चढते. डिसेंबरात तारकर्लीला पर्यटक ज्या रुंद पुळणीचे फोटो काढतात, ती जुलैत तिथे नसते. पण परत आलेल्या वाळूला बसायला उतार लागतो. पायथा खरवडून खोल झालेल्या भिंतीसमोर तो उतार नसतो, आणि मग पुळण परत येत नाही. बंधाऱ्याने भिंतीमागची जमीन धरून ठेवली, ती पुढची पुळण देऊन.

ही पुळण म्हणजे पर्यटकांच्या चटया टाकायची जागा एवढंच नाही. रापण पुळणीवरच ओढली जाते. होडीने जाळ्याचा फेर टाकून दोन्ही दोर किनाऱ्यावर आणायचे आणि वाळूत पाय रोवून माणसांनी ते खेचायचे, ही मासेमारी आहे. दगडांच्या ढिगाऱ्यावर उभं राहून रापण ओढता येत नाही, होडी वर घेता येत नाही, जाळं सुकत घालता येत नाही. पर्ससीन आणि एलईडीच्या दिव्यांविरुद्ध मालवणचा पारंपरिक मच्छीमार इतकी वर्षं झुंजला. त्याची ओढायची जागाच आपण त्याला वाचवण्याच्या नावाखाली काढून घेत आहोत. कासवांचंही तेच. वायंगणी, तांबळडेगसारख्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येणारी कासवीण वाटेत दगड आले तर अडते आणि परत फिरते.

दुसरीकडे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. पुदुच्चेरीला 1989 च्या सुमारास बंदराचे लाटरोधक बांध उभे राहिले, उत्तरेकडे सरकणारी वाळू त्यांनी अडवली आणि शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. दगड ओतून तिथला रस्ता वाचवला, पुळण मात्र गेलीच. ती परत आली ती 2018 नंतर, चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली अडसर बसवल्यावर आणि किनाऱ्यावर वाळू भरल्यावर. केरळने शेकडो किलोमीटर दगडी भिंत घातली आणि तिथल्या किनाऱ्यावरची कित्येक गावं आजही पावसाळ्यात पाण्यात असतात. आणि भिंती बांधण्यात ज्यांचा हात कुणी धरणार नाही त्या नेदरलँड्सचं धोरण काय आहे? 1990 साली त्यांनी ठरवलं की किनारारेषा मागे हटू द्यायची नाही, आणि त्यासाठी मुख्य साधन निवडलं वाळू. समुद्राच्या तळातून काढून ते ती दरवर्षी किनाऱ्याला देतात. 2011 मध्ये द हेगजवळ त्यांनी 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळू एकाच जागी ओतली आणि लाटांना ती किनाऱ्याभर वाटू दिली. देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली असलेली माणसं किनाऱ्याला वाळू घालतात. आपण किनाऱ्याला येणारी वाळू खाडीच्या तोंडाशीच काढून घेतो आणि बदल्यात दगड देतो.

इथे खऱ्या मुद्द्याला हात घालतो. समुद्र पुढे आला, हवामान बदललं, त्याला आम्ही काय करणार, हे वाक्य आता प्रत्येक भाषणात असतं. हवामान बदललं आहे यात शंका नाही. अरबी समुद्रातली वादळं वाढली आहेत, पाणी तापलं आहे. पण समुद्राची पातळी जगभरात सरासरी वर्षाला तीन-चार मिलिमीटरने वाढते आहे. आता एक ब्रास वाळूचा हिशेब करा. ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. तीस मीटर रुंद पुळणीची एक मीटर लांबी घेतली, तर एक ब्रास म्हणजे त्या पट्ट्यावरचा जवळपास साडेनऊ सेंटीमीटरचा थर. एका डंपरमध्ये किती ब्रास बसतात ते कुडाळ-मालवण रस्त्यावर राहणाऱ्या कुणालाही विचारा. समुद्र मिलिमीटरने वर येत असताना आपण किनाऱ्याची वाळू डंपरने काढतो आहोत. देशाच्या मुख्य भूमीचा 33.6 टक्के किनारा 1990 ते 2018 या काळात धुपत होता, असं राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राची मोजणी सांगते. पण त्याच मोजणीत 26.9 टक्के किनारा भरतही होता. समुद्र सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो कुठे वाळू पोचते आणि कुठे पोचत नाही याने.

यावर उत्तर येतं ते असं : नदी दरवर्षी नवी वाळू आणते, काढली तरी भरून येते. आणि काढली नाही तर खाडी उथळ होईल, पुराचं पाणी मळ्यांत शिरेल. हा युक्तिवाद ऐकायला शहाणपणाचा वाटतो आणि म्हणूनच तो सविस्तर खोडायला हवा.

खाडीच्या तळात खड्डा पडला की पुढच्या पुरात येणारी वाळू आधी त्या खड्ड्यात बसते. खड्डा भरलेला दिसतो आणि वाळू काढणारा म्हणतो, बघा, भरून आलं. भरलं ते खरं. पण जी वाळू त्या खड्ड्यात थांबली ती देवबागच्या मोबारच्या टोकाला, संगमाला, तिथून पुढच्या पुळणीला जायची होती. ती गेली नाही. पुढच्या वर्षी तोच खड्डा पुन्हा उपसला की पुन्हा तेच. कर्लीच्या आणि कालावलच्या तोंडाशी या पट्ट्या मुळात उभ्या राहिल्या त्या नदीने आणलेल्या आणि लाटांनी रचलेल्या वाळूवर. ती वाळू हे त्यांचं रोजचं खाणं आहे. शिवाय खड्डा काठाजवळ पडला तर काठ त्याच्यात सरकतो. तळाशीलला, रेवंडीला लोक वाळूउपशाविरुद्ध उभे राहिले ते याचसाठी. समुद्राच्या बाजूला बंधारा मागायचा आणि पाठीमागे खाडीने माड कलंडवायचे, अशी त्यांची कोंडी झाली आहे. तळ खोल गेल्यावर भरतीचं खारं पाणी आणखी वरपर्यंत चढतं आणि काठच्या विहिरी मचूळ होतात, हा त्यातलाच आणखी एक भाग.

राहिला पुराचा प्रश्न. खाडी उथळ होते आहे हे अगदी खरं आहे. पण कशाने? मळ्यांच्या कडेचे व्हाळ म्हणजे ओढे, खाडीचे फाटे, कांदळवनाच्या आतली चिंचोळी पात्रं बघा. तिथे पाय घातला तर गुडघ्यापर्यंत रुततो. तिथे साचला आहे तो चिखल, तांबूस, बारीक, बोटांत चोळला तर कण न लागणारा. पुराचं पाणी अडवतो तो हा चिखल. त्याला बाजारात भाव नाही, म्हणून तो काढायला कुणी येत नाही. सक्शन पंप लागतो तो जिथे स्वच्छ, भरड, धुतलेली वाळू आहे तिथेच. गाळ काढण्याच्या नावाने निघते ती वाळू, आणि गाळ राहतो जागच्या जागी. पूर टाळण्यासाठी उपसा करणाऱ्यांनी एकदा तरी गाळाने भरलेला व्हाळ उपसून दाखवावा.

कायद्याबद्दल फार लिहीत नाही, कारण कायदा नाही अशी तक्रार कुणालाच करता येणार नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या 1991 च्या पहिल्या अधिसूचनेपासून वाळू खणणं आणि वाळूच्या टेकड्या सपाट करणं ही निषिद्ध कामं आहेत. 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातला वाळूउपसा थांबवला होता. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरहून लहान क्षेत्रातल्या गौण खनिजालाही पर्यावरण परवानगी बंधनकारक केली. खाडीतले वाळूचे पट्टे स्थानिक पारंपरिक माणसांनी हाताने काढायला सवलत ठेवली ती त्यांच्या पोटासाठी. बुडी मारून पाटीने वाळू काढणारा माणूस दिवसाला काढून किती काढणार? त्या सवलतीच्या परवान्यावर यंत्र लागलं की हिशेब संपला. हातपाटीवाल्याचा रोजगार पुढे करून पंपवाल्याचं समर्थन करणं हे मला या सगळ्या वादातलं सगळ्यात वाईट वाटतं.

आता तो तांबडा चिखल येतो कुठून? इथे किनारपट्टीवरचे आपण हात झटकतो आणि म्हणतो, डोंगराचं डोंगरवाले बघतील. पण वरच्या भंगसाळ नदीचं पाणी कर्लीलाच येतं. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीला त्याच्या दुपटीहून जास्त, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. अशा पावसाखाली उघडी माती टिकत नाही. हेक्टरभर उतारावरून एक मिलिमीटर थर गेला तर ती 10 घनमीटर माती झाली, म्हणजे साडेतीन ब्रास. एक मिलिमीटर गेलेला डोळ्यांना कळतही नाही. जांभ्यावर तेवढी माती तयार व्हायला कित्येक वर्षं लागतात.

कोकणात माती आहेच कुठे, सगळा कातळ, तिची कसली धूप, असं म्हणणारे भेटतात तेव्हा त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की कमी आहे म्हणूनच गेलेली परवडत नाही. आणि आपल्या आजा-पणजांना हे कळत होतं. सड्यावरून उतरणाऱ्या एखाद्या जुन्या मजगीच्या, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांच्या शेताच्या, रांगेत जाऊन बघा. प्रत्येक कुणग्याची, म्हणजे खाचराची, मेर म्हणजे बांध हाताने रचलेला, खालच्या अंगाला जांभ्याच्या दगडांचा आधार, पाणी सोडायचं तोंड एकाखाली एक न ठेवता आडवं सरकवलेलं, म्हणजे पाण्याने सरळ धाव घेऊ नये. वरच्या कुणग्यातलं गढूळ पाणी खालच्यात थांबतं, माती टाकतं, निवळून पुढे जातं. शेवटच्या कुणग्यातून व्हाळात पडणारं पाणी पायाची बोटं दिसतील इतकं स्वच्छ असतं. वरकस उतारावर गवत राखलेलं, कडेला गडगा, गडग्याच्या पोटाला करवंद आणि निगडी. सरकारी कागदांत मृदसंधारण हा शब्द यायच्या कितीतरी आधी हे काम झालेलं होतं, आणि ते करायला खर्च झाला होता घरच्या माणसांच्या अंगमेहनतीचा.

ती माणसं मुंबईला गेली. मजगी पडीक झाली, मेर फुटली, फुटलेली कुणी बांधली नाही. एक मेर फुटली की वरच्या पाण्याला वाट मिळते आणि दोन-तीन पावसांत खालच्या साऱ्या फुटतात. त्यावर आला जेसीबी. काजू लावायचा म्हणून उतार वरपासून खालपर्यंत सोलायचा, झुडपं मुळासकट काढायची, आणि पुढे दरवर्षी तणनाशक मारून जमीन अंगणासारखी साफ ठेवायची. काजू लावला म्हणजे झाडंच लावली ना, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. 1990 मध्ये रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आली तेव्हा बरेच लोक खड्डा काढत, भोवती अर्धगोल आळं करत आणि मधलं गवत-झुडूप राखत. त्या काजूबद्दल माझी तक्रार नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या कलमांनी इथल्या कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. तक्रार आहे ती सोललेल्या उताराबद्दल. रोपाची सावली जमिनीवर पडायला चार-पाच वर्षं लागतात आणि पहिल्याच जूनमध्ये वरची माती व्हाळात असते. त्यात भर वणव्यांची, चिरेखाणींच्या काठाला ढीग घालून सोडून दिलेल्या मातीची, रस्त्यांसाठी उभ्या कापलेल्या डोंगरांची. 2021 च्या जुलैत दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावात खाणीचा बांध फुटून लाल चिखलाचा लोंढा घराबागांत शिरला, तो साऱ्या जिल्ह्याने मोबाइलवर पाहिला. तेवढं मोठं झालं की आपल्याला दिसतं. रोज पावसाळाभर व्हाळाव्हाळांतून थोडं थोडं जातं ते दिसत नाही.

माती डोंगरावर थांबायला हवी आणि वाळू नदीतून चालत समुद्राला पोचायला हवी. आपण माती वाहू देतो आणि वाळू अडवतो. हे उलटं केल्याशिवाय किनाऱ्यावर कितीही दगड रचले तरी उपयोग नाही. आणि हे उलटं करणं कुणा एकाच्या हातात ठेवलेलंच नाही. उतार मृद व जलसंधारण आणि कृषी खात्याकडे, वाळू महसूल आणि खनिकर्माकडे, खाडीचा मार्ग सागरी मंडळाकडे, कांदळवन वन खात्याच्या कक्षाकडे, खारबंध खारभूमीच्या कार्यालयाकडे, किनाऱ्याचा बंधारा पतन अभियंत्याकडे. बंधाऱ्याचं अंदाजपत्रक करणारा अभियंता मागच्या खाडीतून त्या वर्षी किती ब्रास निघाली हे विचारत नाही, आणि परवाना देणारा कारकून पुढे किती मीटर पुळण गेली हे बघत नाही. एकाच नदीच्या एकाच वाळूबद्दलचे दोन कागद दोन कपाटांत राहतात.

मग आजच्या घटकेला काय? ज्या घरांसमोर खरोखर जागा उरलेली नाही तिथे दगड, पण तेवढ्याच लांबीत आणि टोकाला वाळू भरण्याच्या अटीवर. उरलेल्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या परत उभ्या करणं. त्याला फार काही लागत नाही. मर्यादवेल वाळूवर सोडली की ती पेरापेराला मूळ धरत जाते, उडणारा प्रत्येक कण तिच्या पानांपाशी थांबतो, आणि तीन-चार हंगामांत तिथे उंचवटा झालेला असतो. मागे केवडा, त्याच्या मागे उंडी. नुसत्या सुरूच्या रांगा नकोत, वादळात त्या उथळ मुळांसकट आडव्या होतात. रिसॉर्टसमोरचा नजारा मोकळा व्हावा म्हणून टेकडी सपाट करणाऱ्याला, तो गावातला असो की बाहेरचा, गावानेच थांबवलं पाहिजे. निवास-न्याहरीवर जगणाऱ्या देवबागच्या घरांना हे बोचेल. पण पुळण गेल्यावर पर्यटक दगड बघायला येणार नाही, हेही त्याच घरांना आधी कळेल.

पुढच्या ग्रामसभेत बंधाऱ्याचा ठराव येईल तेव्हा त्याला विरोध करू नका. त्याच ठरावात आणखी तीन ओळी घाला. मागच्या पाच वर्षांत त्या खाडीतून परवान्याने किती ब्रास वाळू गेली याचा आकडा तहसील कार्यालयाने सभेपुढे ठेवावा. मोबारपासून तारकर्लीपर्यंत आणि तळाशीलपासून तोंडवळीपर्यंत ठरावीक अंतरावर पक्के खांब रोवून दर डिसेंबरात आणि दर मे महिन्यात शाळेच्या मुलांकडून पुळणीची रुंदी मोजून घ्यावी, आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. दोन डिसेंबरांत रुंदी घटलेली दिसली, तर पुढच्या हंगामात त्या खाडीतल्या वाळूला ना हरकत दाखला मिळणार नाही.